आधार आणि पॅन: क्रमांक फुटला तरी ओळख कशी राखावी

गेल्या वर्षी आईच्या निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तिच्या आधारपत्राची प्रत काढायला मी आमच्या भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मी फाइल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्याने ती संगणकावर उतरवून घेतली आणि छापण्यासाठी फोल्डर उघडले, तेव्हा पडद्यावर एकाखाली एक अशा शेकडो फायली दिसल्या: कोणाचे आधार, कोणाचे पॅन, कोणाच्या पासबुकाचे पहिले पान, कोणाच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. त्या माणसाच्या मनात काही वाईट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते आणि फायली पुसायला त्याला कधी कोणी सांगितलेले नसते. पण त्या यादीत आता माझ्या आईचीही फाइल होती. मी ती त्याच्यासमोर पुसून घेतली, संगणकातली कचराटोपलीही रिकामी करायला लावली, आणि घरी येताना मनात हिशेब करत राहिलो की याआधी लॉजच्या नोंदवहीत, सिमकार्डाच्या दुकानात, गॅस एजन्सीत आणि सोसायटीच्या कार्यालयात मिळून तिच्या आधारच्या किती प्रती पडून असतील. तो हिशेब लागणे शक्यच नव्हते. त्या सगळ्या प्रती परत गोळा करता येणार नाहीत हे एकदा मान्य केले, की मग खरा प्रश्न समोर येतो: आपला क्रमांक दुसऱ्याच्या हाती आहेच असे धरून चालायचे, तर आपली ओळख राखायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर एका साध्या फरकात आहे. आपल्याजवळचे क्रमांक दोन प्रकारचे असतात. काही क्रमांक सांगण्यासाठी असतात आणि काही लपवण्यासाठी. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हे लपवण्याचे क्रमांक आहेत; त्यांचे सगळे बळ ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसण्यात आहे. आधार, पॅन, बँक खाते आणि मोबाइल यांचे क्रमांक मात्र सांगण्यासाठीच जन्माला आले आहेत. ते कोणालाच सांगितले नाहीत तर त्यांचा उपयोगच उरत नाही.

आपल्याकडे याचे चांगले उदाहरण सात-बाराच्या उताऱ्यात सापडते. गावातल्या कोणत्या गट नंबरची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. म्हणून काही ती जमीन कोणी उचलून नेत नाही. गट नंबर सांगणाऱ्या माणसाला दुय्यम निबंधक लगेच मालक मानत नाहीत. ते खरेदीखतावर सही मागतात, फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात, ओळख पटवणारे साक्षीदार मागतात. गट नंबर जमीन कोणती ते सांगतो, आणि समोर उभा असलेला माणूस खरोखर तिचा मालक आहे की नाही हे या बाकीच्या सोपस्कारांनी ठरते. ओळख सांगणे वेगळे आणि ओळख पटवणे वेगळे. हे दोन्ही जिथे एकच मानले जाते, म्हणजे नुसता क्रमांक किंवा त्याची झेरॉक्स पुढे केली की समोरचा काम करून देतो, तिथे ओळखीची चोरी होते.

ही गफलत आपल्यापुरतीच आहे असेही नाही. अमेरिकेत सरकार लोकांना देते ते सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ पासून दिले जाऊ लागले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९३८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकिटे बनवणाऱ्या कंपनीने पाकिटात कार्ड कसे बसते हे दाखवण्यासाठी नमुन्याचे कार्ड घातले, आणि त्यावर आपल्याच एका सचिव महिलेचा खरा क्रमांक छापला. पाकीट विकत घेणाऱ्या हजारो लोकांनी तो क्रमांक आपलाच समजून वापरला. १९४३ मध्ये एकाच वेळी ५,७५५ जण तो वापरत होते, आणि वर्षानुवर्षांची बेरीज ४० हजारांच्या वर गेली. शेवटी त्या बाईंनाच नवा क्रमांक घ्यावा लागला. या सगळ्या लोकांनी क्रमांक सांगितला आणि तो घेणाऱ्याने मान्य केला, कारण क्रमांक सांगणारा माणूस तोच आहे का, हे कोणी तपासलेच नव्हते.

या क्रमांकांत असते काय

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. हा १२ अंकी क्रमांक यदृच्छेने काढलेला असतो. त्यात जन्मतारीख, जात, गाव किंवा राज्य यांपैकी काहीही दडलेले नसते. तो शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. १९६९ मध्ये डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांनी मांडलेली ही पद्धत आहे. क्रमांक लिहून घेताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक तिच्यामुळे लगेच लक्षात येते. हे गणित फक्त लेखनातली चूक पकडते. हिशेबात बरोबर बसलेला क्रमांक समोरच्या माणसाचाच आहे, असे मात्र त्यातून मुळीच सिद्ध होत नाही, आणि अनेक ठिकाणी नेमका हाच गैरसमज करून घेतला जातो.

पॅन त्या मानाने जास्त बोलका आहे. पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर अशी त्याची दहा चिन्हांची रचना असते. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एच. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. म्हणजे आडनाव ठाऊक असले की दोन चिन्हे आयतीच कळतात. शिवाय महाराष्ट्रात घर किंवा जमीन विकत घेतलेल्या अनेकांचा पॅन दस्ताच्या जुन्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सारांशात, नाव, वय आणि पत्त्याच्या शेजारी छापलेला आढळतो.

आधारचीही स्थिती फार वेगळी नाही. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मे २०१७ मध्ये दाखवून दिले, की चार सरकारी संकेतस्थळांवरच्या लाभार्थी याद्यांतून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक कोणालाही दिसतील असे पडले होते. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. पण एकदा बाहेर गेलेला क्रमांक कायद्याने परत येत नाही, आणि आधार क्रमांक पासवर्डासारखा दर तीन महिन्यांनी बदलूनही मिळत नाही. म्हणून क्रमांक लपवण्यावर सगळी भिस्त ठेवणारी सावधगिरी अपुरी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रमांकाची किल्ली कशी बनते

क्रमांक हाती असलेल्या चोराला आणखी एक वस्तू लागते. ती वस्तू म्हणजे ओटीपी, बोटाचा ठसा, किंवा समोर बसलेल्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे आणि प्रत्येकावरचे कुलूपही वेगळे आहे.

ओटीपीचा मार्ग बहुतेकांना माहीत असतो. फोनवर गोड किंवा धमकीच्या आवाजात तो काढून घेतला जातो. समोरचा माणूस आपला आधार क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्यामुळे आपल्याला वाटते की हा खरोखरच बँकेतला किंवा पोलिसांतला असला पाहिजे. इथे वर सांगितलेला फरक लक्षात ठेवावा: आपला क्रमांक त्याला ठाऊक असणे ही त्याच्या खरेपणाची खूण नाही, कारण तो क्रमांक झेरॉक्सच्या दुकानापासून लाभार्थी यादीपर्यंत कुठूनही मिळतो. ओटीपीचा दुसरा मार्ग सिमकार्डातून जातो. आपल्या कागदपत्रांच्या प्रती दाखवून चोर आपल्याच मोबाइल क्रमांकाचे दुसरे सिम काढतो, आपले सिम बंद पडते आणि त्यानंतरचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. हे रोखण्यासाठी सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएसची सेवा बंद ठेवण्याचा नियम दूरसंचार विभागाने केला आहे. म्हणून गावात सगळ्यांना रेंज असताना आपल्या एकट्याच्या फोनवरचे नेटवर्क अचानक गेले आणि तास-दोन तास आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला त्याच दिवशी विचारावे. ते २४ तास आपल्यासाठीच ठेवलेले आहेत.

सिमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांसाठी तपासायला हवी. आधार काढताना दहा-बारा वर्षांपूर्वी दिलेला मोबाइल क्रमांक पुष्कळदा आज वापरात नसतो; कधी तो पुतण्याचा असतो, कधी अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा. बंद पडलेला क्रमांक कंपनी साधारण ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपल्या आधारचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आधार केंद्रावर जाऊन जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून घेणे हे माझ्या मते या सगळ्या लेखातले सर्वांत निकडीचे काम आहे, कारण पुढची सगळी कुलपे याच क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने लागतात.

बोटाच्या ठशाचा मार्ग शहरातल्या लोकांना कमी परिचयाचा आहे, पण खेड्यातली मोठी आर्थिक उलाढाल त्यातून होते. आधारवर चालणारी ही पैसे देण्याघेण्याची व्यवस्था एईपीएस या नावाने ओळखली जाते. बँक मित्र म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणारा-घेणारा माणूस; त्याच्या छोट्या यंत्रावर बँक निवडायची, आधार क्रमांक सांगायचा आणि बोट ठेवायचे, की खात्यातून एका वेळी १० हजार रुपयांपर्यंत रोकड मिळते. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही येत नाही. ज्या गावापासून बँकेची शाखा वीस किलोमीटर दूर आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसासाठी ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको. पण यातला आधार क्रमांक सांगण्याचा आहे, म्हणून सगळी सुरक्षितता एका बोटावर येऊन ठेपते, आणि बोटाचा ठसा आपण आयुष्यभर कागदांवर उमटवत आलेलो असतो.

२०१८ मध्ये तेलंगणात एका सिम विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यांच्या आधारे हजारो सिमकार्डे सुरू केली, असे पोलिसांच्या तपासात उघड झाले. त्याला विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे होते. पुढे हीच युक्ती बँक खाती रिकामी करण्यासाठी वापरली गेली. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अशा तक्रारींची मोठी लाट आली. ज्यांनी कधी एईपीएसचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या खात्यांतून रकमा गेल्या, कारण आधार जोडलेल्या खात्यावर ही सेवा बहुतेक वेळा वेगळी मागणी न करताच सुरू असते. त्यानंतर दस्तांवरचे ठसे झाकण्याच्या सूचना राज्यांना दिल्या गेल्या, आणि ठसा जिवंत बोटाचा आहे की सिलिकॉनचा हे ओळखणारी तपासणी आधार प्राधिकरणाने २०२३ पासून लागू केली. यामुळे चोराचे काम अवघड झाले आहे, पण ते अशक्य झाले आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या मार्गावरचे कुलूप आपल्या हाती आहे. आधार प्राधिकरणाच्या मायआधार या संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येते. ते केले की आपले बोट, डोळा किंवा चेहरा दाखवून कोणीही, अगदी आपण स्वतःही, पडताळणी करू शकत नाही. गरज लागेल तेव्हा ओटीपी घेऊन ते थोड्या वेळापुरते उघडता येते. जो माणूस पैसे शाखेतून, एटीएमने किंवा यूपीआयने काढतो, त्याने हे कुलूप आजच लावावे. मात्र ज्यांना रेशन दुकानातल्या यंत्रावर दर महिन्याला अंगठा द्यावा लागतो, त्यांनी ते विचार न करता लावू नये. दुकानात रांगेत उभे असताना कुलूप उघडता आले नाही, तर धान्य न घेता परतण्याची वेळ येईल. सुरक्षिततेचा सल्ला देणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घ्यायलाच हवी, कारण ज्यांना हे कुलूप सर्वांत जास्त उपयोगाचे आहे, नेमक्या त्यांनाच ते वापरणे सर्वांत कठीण जाते.

तिसरा मार्ग कागदाचा. आधार आणि पॅनच्या प्रती, एक फोटो आणि गिरवलेली सही यांच्या आधारावर कर्ज काढले जाते, सिम घेतले जाते, एखादी पेढी उभी करून जीएसटी क्रमांकही मिळवला जातो. मग महिना दहा-पंधरा हजार कमावणाऱ्या माणसाच्या घरी कोट्यवधींच्या उलाढालीबद्दल कर खात्याची नोटीस येते. यात बळी पडलेल्याची चूक बहुधा एवढीच असते की त्याने कोणाला तरी, कधीतरी, नोकरीच्या किंवा कर्जाच्या आशेने कागद दिले होते.

कागद देताना

कागद देण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा की आधारच हवे आहे का. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात प्राप्तिकर विवरणपत्र, पॅन आणि सरकारी अनुदानाच्या योजना यांच्यासाठी आधारची अट मान्य केली, पण खासगी कंपन्यांना ते सक्तीने मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बँक खात्यासाठी किंवा सिमसाठी आधार स्वेच्छेने देता येते; ते दिले नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही. लॉजमध्ये एका रात्रीच्या मुक्कामासाठी मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना पुरतो.

आधारच द्यायचे असेल तर मास्क्ड आधार द्यावे. यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. ते मायआधारवरून उतरवून घेता येते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना आधारच्या झेरॉक्स कोणालाही न देता मास्क्ड आधारच द्यावे असे आवाहन केले होते आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारने गैरसमज होईल म्हणून ते मागे घेतले. आवाहन मागे घेतले गेले, तरी मास्क्ड आधारची सोय पूर्वीसारखीच चालू आहे. मला वाटते त्या दोन दिवसांत लोकांना एक उपयोगी गोष्ट कळली होती आणि ती विसरू नये.

क्रमांकच टाइप करून मागितला तर त्याच्या जागी आभासी ओळख क्रमांक देता येतो. व्हीआयडी या नावाचा हा १६ अंकी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यावरून मूळ आधार क्रमांक काढता येत नाही, आणि हवा तेव्हा तो बदलता येतो. नवा काढला की जुना रद्द होतो. नोंदवलेल्या मोबाइलवरून इंग्रजीत जीव्हीआयडी, मोकळी जागा आणि आधारचे शेवटचे चार अंक असा एसएमएस १९४७ या क्रमांकावर पाठवला की तो मिळतो. त्यापुढे जाऊन मूळ आधार क्रमांकच लॉक करता येतो; मग पडताळणी फक्त व्हीआयडीने होते आणि बाजारात फिरत असलेल्या जुन्या झेरॉक्सवरचा १२ अंकी क्रमांक पडताळणीसाठी निरुपयोगी ठरतो. आईच्या त्या हरवलेल्या हिशेबाला मला मिळालेले सर्वांत समाधानकारक उत्तर हेच आहे.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनाने आडवे लिहावे: कोणत्या कामासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. अक्षरे फोटोवर आणि क्रमांकावर थोडी चढतील अशी लिहावीत, म्हणजे ती कापून टाकता येत नाहीत. उतरवून घेतलेल्या ई-आधारच्या फायलीला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष असा ठरलेला असतो आणि ओळखीच्या कोणालाही तो बांधता येतो. शाळेच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांच्या आणि घरच्यांच्या आधारचे फोटो टाकण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. तिथे टाकलेला फोटो गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळा साठतो.

चोरीचा माग कुठे दिसतो

ओळखीची चोरी लगेच जाणवत नाही. पाकीट मारले की खिसा हलका लागतो, पण आपल्या नावावर निघालेले कर्ज वसुलीचा फोन येईपर्यंत दिसत नाही. मात्र अशी प्रत्येक चोरी कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत खूण सोडते, आणि त्या नोंदवह्या आपल्याला पाहता येतात.

कर्जासाठीची नोंदवही पतमाहिती कंपन्यांकडे असते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीचा अहवाल मागवला तर पैसा खर्च न करता वर्षभर पहारा राहतो. अहवालात खात्यांच्या यादीइतकेच चौकशांच्या यादीकडे लक्ष द्यावे, कारण कर्ज मिळण्याआधी त्याची चौकशी होते. जिथे आपण कधी अर्ज केला नाही अशा संस्थेचे नाव तिथे दिसले तर ती पहिली घंटा आहे. अहवाल कोणी पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेल जावा असेही रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरवून दिले आहे, म्हणून तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नये.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसते. एका नावावर बहुतेक राज्यांत नऊ सिमची मर्यादा आहे, आणि यादीतला एखादा क्रमांक आपला नसेल तर तसे तिथेच कळवता येते. पॅनच्या गैरवापराचा माग प्राप्तिकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात मिळतो. अनोळखी व्याज, खरेदी किंवा जीएसटीची उलाढाल दिसली तर त्याच नोंदीसमोर हरकत नोंदवता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कोणकोणते नोंदणी क्रमांक आहेत हेही शोधता येते. आधारची पडताळणी कधी आणि कोणत्या पद्धतीने झाली, याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास मायआधारवर असतो. त्यात आपण न केलेली बोटाची पडताळणी आढळली, तर बायोमेट्रिक लॉक लावण्यासाठी याहून मोठे कारण लागू नये.

चोरी झालीच तर

पैसे गेले असतील तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पोलीस ठाण्यात आधी जावे की बँकेत, या विचारात वेळ घालवू नये, कारण गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरवली जाते आणि ती मध्येच अडवण्याची संधी सुरुवातीलाच असते. त्यानंतर लगेच बँकेला लेखी कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार भरावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे, की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसान त्याच्यावर येत नाही. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असते. काउंटरवर कोणी वेगळे सांगितले तर हे शांतपणे, पण ठामपणे सांगावे.

न घेतलेले कर्ज नावावर आढळले तर कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि पतमाहिती कंपनीला, दोघांनाही एकाच दिवशी लेखी कळवावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला वाव राहत नाही. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. तरीही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. वसुलीवाल्यांच्या त्रासाला कंटाळून थोडी रक्कम भरून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. एक हप्ता भरला की कर्ज आपलेच होते, असा युक्तिवाद पुढे केला जाऊ शकतो. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी चा उल्लेख जरूर करावा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा त्याची विशिष्ट ओळखखूण अप्रामाणिकपणे वापरणे हा त्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड आहे. आपले पैसे गेले नसले, नुसती ओळख वापरली गेली असली, तरी तक्रार करण्याचा आपला हक्क त्यावर उभा आहे.

आमच्या घरी या सगळ्यातून दोन वेगळे निर्णय झाले. आई तिचे पैसे शाखेत जाऊन पासबुकावर काढते, म्हणून तिचा जुना मोबाइल क्रमांक बदलून घेतल्यावर तिचे आधार आणि बायोमेट्रिक दोन्ही लॉक केले. गावी राहणाऱ्या मावशीला रेशन आणि योजनेचे पैसे दोन्ही बोटावरच मिळतात, म्हणून तिचे बायोमेट्रिक उघडेच ठेवले आहे. तिला एवढेच सांगितले की बँक मित्राने ‘ठसा नीट आला नाही, पुन्हा बोट ठेवा’ असे म्हटले तर आधी यंत्रातून निघालेली पहिल्या वेळेची चिठ्ठी मागायची, ती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवायचे नाही. मावशीला त्या चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचता येत नाही. ती चिठ्ठ्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवते, आणि महिन्यातून एकदा मी किंवा तिचा नातू त्या पासबुकाशी ताडून पाहतो.